एका हातानं हलणारा स्टँड

मंडळी, नमस्कार.

नानांच्या अंगणात उभं राहून नानांविषयी 'होते' म्हणायचं, हे मला जड जातंय. मी बातमीदार माणूस. दुसऱ्यांच्या शोकसभांना कोपऱ्यात उभं राहून मी आयुष्यभर वह्या भरल्या. कोण काय बोललं ते चार ओळींत बसवायचं आणि निघायचं. आज हातात वही नाही आणि कोपऱ्यात उभं राहायची सोयही नाही. नानांच्या लेकीनं, सुनीतानं, सकाळी मला सांगितलं, "काका, तुम्ही बोला. पण थोडक्यात." थोडक्यात हा शब्द तिनं दोनदा उच्चारला. बापाची पारख लेकीत पुरेपूर उतरलीय.

गावाकडून आलेल्या मंडळींसाठी सांगतो. कचरूनाना वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर पडेगावच्या या पत्र्याच्या घरात ते आणि सिंधूकाकू राहायचे. मी शेजारचा. संस्कृत शिकलो म्हणून नाना मला शास्त्रीबुवा म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलंही नाही. काही भाष्यं न वाचलेली बरी असतात.

दहा दिवसांपूर्वी दुपारी जेवून ते पडले, ते उठलेच नाहीत. कुणाला हाक मारली नाही, कुणाची धावपळ केली नाही.

पण आज मला बोलायचंय ते अंगणात उभ्या असलेल्या त्या स्टँडबद्दल. बघा तिकडं. चार सोलर पॅनेल, खाली लोखंडी पाइप. तुम्हाला वाटेल, माणूस गेला आणि हा लोखंडाचं काय सांगतोय? मंडळी, नाना मला जेवढे कळले ते त्या लोखंडातून कळले.

दोन वर्षांपूर्वी काकूंची छाती बिघडली. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं. रोज अमुक तास लावायचंच, म्हणाले. मशीन विजेवर चालतं, आणि आपल्या भागातली वीज कशावर चालते ते आपल्याला ठाऊक आहे. पहिल्याच आठवड्यात दुपारी वीज गेली. इन्व्हर्टर थोडा वेळ चालला आणि बसला. काकूंचे ओठ काळेनिळे पडले. रिक्षात घालून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं.  घरी आल्यावर नाना एवढंच म्हणाले, "शास्त्रीबुवा, हे पुन्हा नाय."

पत्र्यावर पॅनेलचं वजन झेपणार नव्हतं. म्हणून अंगणात जमिनीवर बसवायचं ठरलं. पॅनेल विकणारा तरुण आला. हुशार, गोड बोलणारा. एका कोनात पक्का बसवलेला स्टँड दाखवू लागला.

नानांनी विचारलं, "सूर्य बारा महिने एकाच जागी ऱ्हातो का?"

तो म्हणाला, "काका, थोडाफार फरक पडतो. सोडून द्या."

संपलं! तीस वर्षं ज्या माणसानं धाग्याएवढ्या फरकासाठी नोकरीत भांडणं केली, त्याला हा मुलगा थोडाफार म्हणत होता. नाना म्हणाले, "त्या थोड्याफारात माझ्या बायकोची संध्याकाळ हाय." पॅनेल घेतली, स्टँड घेतला नाही.

मग सुरू झालं काम. भंगारातून पाइप आले. ट्रकच्या मागच्या फाळक्याची बिजागरं आली. एक लोखंडी कमान आली, आणि तिला नानांनी पाच भोकं पाडली. एक खीळ काढायची, पॅनेल वरखाली करायची, दुसऱ्या भोकात खीळ घालायची. हिवाळ्यात पॅनेल उभी, उन्हाळ्यात आडवी. वेल्डिंगला आपले सलीमभाई. ते इथंच बसलेत. पाइपची जाडी बघून सलीमभाई म्हणाले होते, "नाना, हाथी बांधना है क्या इसकू?"

नाना म्हणाले, "हत्ती परवडला. त्याला माहूत असतो. वाऱ्याला कोन हाय?"

भोकांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा मी माझं ज्ञान पुढं केलं. म्हटलं, चैत्र, आषाढ, आश्विन, पौष असं लिहू. नानांनी मान हलवली. "तुमचा अधिक महिना आला की माझं भोक चुकंल." बरं, मग संक्रांत तरी लिहा, म्हटलं. तर दोन दिवसांनी दारात हजर. "शास्त्रीबुवा, सावली संक्रांतीच्या तीन आठवडे आधीच माघारी फिरतीय. पंचांगवाल्यांना कळवा." शेवटी नावं काकूंनी दिली. पॅनेल सगळ्यात उभी असतील ते 'हुरडा'. आडवी असतील ते 'कुरडया'. ऐन जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्यावरून जरासा उत्तरेला जातो, तेव्हा पॅनेल किंचित उत्तरेला कलतात, ते 'पेरणी'. पांढऱ्या रंगानं ती नावं आजही कमानीवर आहेत. मी इतकं संस्कृत शिकलो, पण इतकं बिनचूक नामकरण मला साधलं नसतं.

आता मंडळी, मला एक कबुली द्यायची आहे. सलीमभाई, विशेष करून तुम्हाला.

स्टँडचे चार पाय काँक्रीटमध्ये पक्के झाले, आणि आठवड्याभरात नानांच्या लक्षात आलं की स्टँड वाकडा बसलाय. तोंड दक्षिणेला हवं होतं, ते बरंच आग्नेयेला वळलं होतं. दुपारनंतर मशीनची बॅटरी भरेना. तुम्ही आलात. नाना तुम्हाला म्हणाले, "दिशा धरण्यात माझी चूक झाली." तेव्हापासून दोन वर्षं, चहा पिताना, पाइप कापताना, लग्नात पंगतीला बसताना, तुम्ही त्यांना म्हणत आलात, "नाना, फिटर होके तुमकू दखन नहीं समझी?" आणि ते नुसते हसत आले.

सलीमभाई, दिशा मी धरली होती.

माझ्या मोबाइलात होकायंत्र आहे. नानांनी मला विचारलं होतं, "लोखंडापासून लांब धरलं ना?" मी म्हटलं, "हो हो." खरं म्हणजे पाठ दुखत होती, वाकायचा कंटाळा आला होता, म्हणून मी मोबाइल सरळ पाइपवर ठेवला होता. लोखंडी पाइपवर होकायंत्र! शाळेतल्या पोरानं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

मला हे कळलं कसं, तेही सांगतो. जुन्या ज्योतिषात शंकू म्हणून एक साधन असतं. अंगणात एक काठी सरळ उभी करायची, भोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथं टेकेल तिथं खूण, दुपारनंतर जिथं टेकेल तिथं दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळाली. मी मोठ्या ऐटीत नानांना हे करून दाखवलं. वर्तुळ काढलं, खुणा केल्या, दोरी ताणली. आणि त्या दोरीनं, सर्वांगसुंदर शास्त्रोक्त पद्धतीनं, माझाच गाढवपणा सिद्ध केला.

नानांनी दोरीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "शास्त्र लई चांगलं हाय तुमचं. आधी का नाय काढलं?"

एवढंच. मग छिन्नी-हातोडा घेऊन बसले. त्या वयात चारही पाय फोडले. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "तुम्ही दोरी धरा. दोरी तुम्हाला जमती."

सलीमभाई आले, त्यांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत नाना बोलून गेले. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. एका शास्त्रीबुवाची अब्रू होती ना ती! पुढं एकदा मी त्यांना विचारलं, "नाना, माझं नाव का नाही घेतलंत?"

ते म्हणाले, "नाव घेतल्यानं काँक्रीट नरम पडतं का?"

मंडळी, चूक सुधारणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. चूक कुणाची हे जगाला सांगून मग ती सुधारणारी त्याहून जास्त पाहिली. बातम्या त्यांच्यावरच चालतात. नुसती चूक सुधारून हात धुणारा एवढा एकच पाहिला.

पण खरी गोष्ट पुढंच आहे.

स्टँड सरळ झाला, भोकं बरोबर, खीळ बरोबर. आम्हाला वाटलं, झालं. नाना म्हणाले, "सिंधू, हलव बरं." काकूंनी जोर लावला. पॅनेल हललीच नाहीत. नानांनी मग खाली मोटारीचा जॅक बसवला. काकूंनी तीन वेळा दांडा फिरवला आणि धाप लागून त्या पायरीवर बसल्या. नानांनी जॅक काढून फेकला. तुम्हाला सांगतो, त्या जॅकवर त्यांचे पंधरा दिवस गेले होते.

मी वैतागलो. म्हटलं, "नाना, वर्षातून सात-आठ वेळा हलवायचं. तुम्ही आहात की. काकूंना कशाला त्रास?"

काकू आत गेल्या होत्या. नाना हळू आवाजात म्हणाले, "मी हाय तोवरचं काम कवाच झालं, शास्त्रीबुवा. हे मी नसतानाचं चाललंय."

मग ते गुलमंडीला गेले. एका जुन्या दुकानातून तराजूची लोखंडी वजनं घेऊन आले. स्टँडच्या मागच्या बाजूला एक दांडा जोडला आणि त्यावर ती वजनं बांधत गेले. एक बांधायचं, काकूंना हाक मारायची. "हलव." नाही. दुसरं बांधायचं. "हलव." काकू म्हणायच्या, "अवो, माझी भाकर करपतीय." हे म्हणायचे, "करपू दे, हलव." असे किती दिवस! आणि एक दिवस काकूंनी पदर सावरत, डाव्या हातानं, सहज पॅनेल उचलली. उजव्या हातात उलथनं होतं.

 नानांनी वजनं पक्की केली, हात पुसले आणि म्हणाले, "आता भाकर वाढ."

मंडळी, गेले दहा दिवस या घरात एकच प्रश्न आहे. आईचं काय? सुनीता आईला पुण्याला न्यायला आलीय. तिची काळजी खरी आहे. तिकडं वीज जात नाही, डॉक्टर इमारतीतच खाली आहे. इथं आई एकटी, वीज बेभरवशाची. बॅग भरून दारात ठेवली होती. मी सुनीताच्या बाजूचा होतो, हेही सांगून टाकतो. कबुल्याच द्यायच्या तर सगळ्या देऊ.

परवा सकाळी काकू अंगणात आल्या. ऊन दक्षिणेला सरकलं होतं, खीळ बदलायची वेळ झाली होती. सुनीता म्हणाली, "आई, थांब, सलीमकाकांना बोलावते." काकू थांबल्या नाहीत. खीळ काढली. डावा हात लावला. पॅनेल उठली. खीळ पुढच्या भोकात घातली, वरून दोनदा ठोकली. धाप लागली का म्हणून आम्ही बघत होतो. नाही लागली. मग त्या लेकीला म्हणाल्या, "सुने, मी येईन पुण्याला. चार दिस ऱ्हाईन. पन हितं माझं समदं चालू हाय."

सुनीता खूप वेळ त्या दांड्यावरची वजनं बघत उभी होती. बापानं काय करून ठेवलंय, ते तिला तिथं उभ्या उभ्या कळलं असावं. संध्याकाळी तिनं बॅगेतल्या आईच्या साड्या परत कपाटात लावल्या. महिन्यातून एकदा बॅटरी बघायला यायचं, असं सलीमभाईंकडून कबूल करून घेतलं. आणि रोज सकाळी डोकावायचं, असं माझ्याकडून. मोबाइल घरी ठेवून येईन, सुनीता.

नानांनी कुणाला उपदेश केला नाही. आपल्यामागं बायकोनं कुणाच्या तोंडाकडं बघू नये, एवढ्यासाठी हा माणूस लोखंडाशी वर्षभर झगडला. प्रेम हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. संस्कृतात त्याला पुष्कळ पर्याय आहेत. नानांना एकाचीही गरज पडली नाही.

आता थांबतो. सकाळपासून वीज नाही, म्हणून मी माइकशिवाय बोललो. सलीमभाई म्हणाले होते, नानांच्या बॅटरीवर जोडून देतो. मी नको म्हटलं. ती बॅटरी ज्यांची आहे त्यांनाच असू दे.

काकू आत मशीन लावून बसल्या आहेत. दार उघडं आहे. आपण सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका, मनातसुद्धा श्रद्धांजलीची वाक्यं जुळवू नका. आतून मशीनची बारीक घरघर येतेय, ती ऐका.

नाना, चालू आहे.