नागपूरचं पत्र

...नाही, मले एक सांगा, ढोलकीवाल्याले कोणी नावानं ओळखते का? गायकाले ओळखते, पेटीवाल्याले एखादवेळी ओळखते, ढोलकीवाला म्हणजे मागं बसलेला माणूस. पण मले आता गावोगावचे लोक बोट दाखवून ओळखून राहिले, आन् कायच्यासाठी, तं पत्रासाठी. तुमाले सांगतो, मी वाईट माणूस नाही. गोंदियाकडच्या कामठ्याले माझं किराणा दुकान आहे, चाळीस वर्षांत मापात खोट नाही, बायकोले विचारा... नको, जमुनाले नका विचारू, ते वेगळंच सांगन.

तं हा जागेश्वर, माझ्या वर्गातला, माझा दोस्त. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. रेल्वेतल्या एका गार्डानं बदली होऊन जाताना त्याले आपली जुनी गिटार देऊन टाकली, आन् हा बावा तिच्यावर आपल्याच बोलीतली गाणी गाऊ लागला. सोताच लिहिलेली. चाल दंडारीची, आमच्याकडच्या गावनाटकाची, पण मधातच गिटार अशी खणकन वाजवे का म्हातारे उठून घरी जात आन् जवान पोट्टे पुढं सरकत. "धान गेला मिलमंदी, कोंडा उडाला वाऱ्यावर, मी तांदूळ का कोंडा, कोन सांगन मले..." हे त्याचं. ढोलकीवर मी. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे नाचगाण्याची जत्रा, आन् मंडई म्हटली की जागेश्वर-सुकराम. दोन नावं, बरं का. दोन.

मंग आम्ही शाळेच्या खोलीत टेप ठेवून दोन कॅसेटी भरल्या. एक नागपूरच्या कंपनीले पाठवली, एक माझ्याकडं राहिली. महिन्याभरानं पत्र आलं. आमच्या टोलीचं, म्हणजे वस्तीचं, टपाल पोस्टमन माझ्याच दुकानात ठेवे, म्हणून जागेश्वरचं पत्र माझ्या हाती पडलं. बंद होतं. मी उघडलं. आता उघडलं तं उघडलं... आत लिहिलं होतं, अमुक तारखेला गिटार घेऊन यावे, आपली गाणी ध्वनिमुद्रित करावयाची आहेत. आन् खाली एक ओळ, साथीदार आणू नयेत, येथे उपलब्ध आहेत.

येथे उपलब्ध आहेत. म्हणजे माझ्या हाताले काय काटे होते?

तुमाले सांगतो, मी वाईट माणूस नाही. मी म्हटलं, सात मंडया ठरल्या आहेत, हा गेला तं लोकाईले काय तोंड दाखवू, मंडया होऊ दे, मंग देतो. पहिली झाली, म्हटलं दुसरी होऊ दे. तिसरी होईपर्यंत तारीखच निघून गेली. तारीख गेलेलं पत्र कोणाले देता? आन् देताना काय सांगता? मी ते चुलीत घातलं. जागेश्वर रोज दुकानात ये, "सुकराम, नागपूरचं काही आलं का रे?" मी तराजूकडं पाहून म्हणे, "नाही बा." दीड वर्ष विचारलं त्यानं. मंग विचारणं बंद केलं, मंग गाणंच बंद केलं, गिटार खुंटीले टांगली आन् गोंदियाच्या एका राइस मिलमधे पोती उचलायले गेला. तीस वर्षं उचलली.

आन् मागच्या उन्हाळ्यात माझी नात आचल, नागपूरले शिकते, तिनं माळा झाडायले घेतला. कोणी सांगतलं होतं का? डब्यात कॅसेट सापडली. "आबाजी, हा कोण गाऊन राहिला?" मी म्हटलं, "होता एक." तिनं ते फोनवर टाकलं. पंधरा दिवसांत पुण्या-मुंबईचे लोक लिहून राहिले, हा माणूस इतके दिवस होता कुठं? कुठं होता म्हणजे, इथंच होता, माझ्याच दुकानातून बिडीचा बंडल नेत होता!

मंग गोंदियाले कार्यक्रम ठरला, हॉलमधे, दुपारी चार वाजता. जागेश्वर सदुसष्ट वर्षांचा, बोटं पोत्यानं जाड झालेली, तार दबता दबेना. आयोजक म्हणाले, आम्ही ढोलकीवाला देतो. हा म्हणाला, "सुकराम असन तं गातो, नाही तं नाही." पाहा आता. मी तोंड खाली घालून हो म्हटलं.

गायला बी असा, का लोक उभे राहिले. मंग त्या निवेदक बाईनं विचारलं, "काका, एवढी वर्षं तुम्ही गायलात का नाही?" जागेश्वर म्हणाला, "मले कोणी बोलावलंच नाही, बाई. बोलावलं असतं तं गेलो असतो."

माझा हात ढोलकीवरच राहिला. पुढच्या गाण्यात तीनदा ताल चुकलो.

बस स्टँडवर त्याले सांगून टाकलं. सगळं. चूल बी सांगतली. तो बसमधे चढला, दुसऱ्या सीटवर जाऊन बसला. आठ दिवस त्याच्या दारात गेलो, त्याची बायको शामकला म्हणे, "भाऊजी, ते बोलत नाहीत." नवव्या दिवशी तो सोताच बाहेर आला. म्हणाला, "पोतं उचलताना मले वाटे, आपलं गाणंच बेकार असन. तीस वर्षं मी माझ्या गाण्याले शिव्या देल्या, सुकराम. तुले देल्या असत्या तं गाणं तं वाचलं असतं." तुमाले सांगतो, मी वाईट माण... जाऊ द्या. त्या दिवशी हे वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही.

मंग तो म्हणाला, "रविवारी गोरेगावले कार्यक्रम आहे. ढोलकी घेऊन ये."

मले वाटलं, माफ केलं. गेलो. पहिलं गाणं झालं आन् यानं माइक धरला. "हा मागं बसला ना, यानं माझं पत्र जाळलं." लोक माझ्याकडं पाहून राहिले, मी ढोलकीकडं. आन् यानं असं रंगवून सांगतलं, माझा आवाज काढला, "नाही बा, नाही बा," का लोक हसून हसून लोळले. गाण्यापेक्षा जास्त टाळ्या.

आता प्रत्येक कार्यक्रमात सांगते. आयोजक फोनवर विचारतात, पत्रवाले काका येणार ना? मी जातो, बसतो, ऐकतो. आन् जागेश्वर दर खेपेले किस्सा वाढवून राहिला. आमगावले म्हणाला, दोन पत्रं होती. तिरोड्याले तीन झाली, वरून एक तार. आता मी मागून कोणत्या तोंडानं म्हणू का बावा, पत्र एकच होतं...