बटाटा कुणी मागितला

पद्मावतीआजी : पोटात दुखतंय म्हणून आत शिरलास, मग ओवा आणला तर घेत का नाहीस? सम्मेद, तंबूची चेन उघड बाळ. मी एकटीच आहे.

सम्मेद : मला जेवायचं नाही.

पद्मावतीआजी : ऊन डोंगराच्या टोकाला गेलंय. एकदा दिवस मावळला की आपल्याला सकाळपर्यंत काही नाही, ठाऊक आहे ना? आईनं आमटी उतरवली. रेश्माकाकूच्या भाकरी झाल्या. परवा आपलं सामान बेंगळुरूला जाणार. त्याआधी शेजाऱ्यांबरोबर शेवटचं एकत्र जेवायचं, म्हणून तर सांगलीहून इथं तापोळ्याला आलो आपण.

सम्मेद : राजवर्धन जेवतोय?

पद्मावतीआजी : नाही. पाण्याच्या कडेला बसलाय, आमच्याकडं पाठ करून. तुझी साक्षीताई त्याला बोलवायला गेली होती, तशीच परत आली.

सम्मेद : लय लागलं का त्याला?

पद्मावतीआजी : त्याच्या बाबांचा हात मिलिटरीतला. गालावर बोटं उमटलीत. रडला मात्र नाही.

उदयसिंह : अक्का, जरा सरा. मी बोलतो त्याच्यासंगं. सम्मेद बेटा, उदयकाका हाय मी. आईक. गुन्हा आमच्या घराकडनं झाला. तू जन्मायच्या आधीपास्नं आपली भिंतीला भिंत. तुमच्यासंगं कुटं निघालो तर तुजी काकू कांदासुदिक घेत न्हाई. आन् हे कार्टं सॅकमदी बटाटं लपवून आणतंय, निखाऱ्यात पुरतंय, आन् जैनाच्या पोराला चारतंय. जाता जाता असं व्हावं? तुज्या बाबाकडं, नेमिनाथकडं, वर मान करून बघवंना मला. त्याला दिलीया मी सजा. आता तू भाईर ये.

पद्मावतीआजी : उदयसिंह, त्यानं चारला हे कुणी सांगितलं?

उदयसिंह : आवं, सम्मेदच म्हणला की समद्यांच्या म्होरं. यानं बळंच माझ्या तोंडात घातला म्हणून.

पद्मावतीआजी : आणि राजवर्धन काय म्हणाला?

उदयसिंह : कायबी न्हाई. मी इचारलं, खरं हाय का रं? तर मान खाली. तवाच हात उठला माजा.

पद्मावतीआजी : तू त्याच्याकडं बघत होतास. मी सम्मेदकडं बघत होते.

सम्मेद : आजी, नको ना.

पद्मावतीआजी : मी काही बोलत नाही. तुझं तूच सांग. सावकाश सांग.

सम्मेद : ऊन जाईल.

पद्मावतीआजी : जाऊ दे. एक रात्र उपाशी राहिल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. मीही थांबते तुझ्याबरोबर.

सम्मेद : त्यानं नाही चारला.

उदयसिंह : म्हंजे?

सम्मेद : मीच मागितला. वास येत होता. तो नको नको म्हणत होता. म्हणाला, तुझ्या आजीला वाईट वाटेल. मग मी म्हटलं, मी आता जाणारच आहे, परत तुझ्याकडं कधी काही मागणार नाही. तेव्हा त्यानं सोलला, फुंकर मारून गार केला आणि दिला. तेवढ्यात आई आली. माझ्या तोंडाला काळं लागलेलं तिनं बघितलं, आणि मी त्याचं नाव सांगून टाकलं.

उदयसिंह : आन् त्यो गपगुमान मार खाऊन बसला?

सम्मेद : तुम्ही विचारलं तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घातली.

उदयसिंह : मला वाटलं, गुन्हा कबूल हाय म्हणून घातली. अक्का, तुमचा मान राखायला गेलो वो मी.

पद्मावतीआजी : आमचा राखलास. पोराचा तेवढा राहिला.

सम्मेद : आजी, बटाटा खाल्ल्याचं पाप मोठं, का खोटं बोलल्याचं?

पद्मावतीआजी : बटाट्याचं आपण दोघं उद्या देवळात बसून बघू. दुसरं देवळात जाऊन भागत नाही. मला सांगूनही भागत नाही.

सम्मेद : सगळ्यांसमोर सांगायचं?

पद्मावतीआजी : त्याला मार कुणासमोर बसला?

सम्मेद : सगळ्यांसमोर.

(तंबूची चेन उघडते.)

सम्मेद : तो बोललाच नाही माझ्याशी तर?

पद्मावतीआजी : नाही बोलला तरी सांगायचं. आणि मग तिथंच बसायचं, तो ऊठ म्हणेपर्यंत.

उदयसिंह : जा बेटा. मी हाय मागं. अक्का, एक इचारू? पोराची माफी मागताना बापानं काय म्हणायचं असतं? आमच्या घरात असलं कुणी कवा म्हणलेलं मी आईकलंच न्हाई.

पद्मावतीआजी : सम्मेदच्या शेजारी उभा राहा. तो म्हणेल तेच म्हण.