रेघांशिवायचा आवाज

(वरवंडला टायरच्या दुकानावरची खोली. मल्हार तिला स्टुडिओ म्हणतो, बाकीचे माळा म्हणतात. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आजीच्या घोंगड्या ठोकल्यात. त्यांच्यापुढे विकतचा फोम काय चीज! भर दुपारी पंखा बंद. ओव्या गाणारे ज्ञानू आबा आणि त्यांचा नातू मल्हार, दोघं कॉम्प्युटरपुढे घामाघूम होऊन बसलेत.)

ज्ञानू : थांबव, थांबव! पडद्यावरली ती घुंडी आपसूक वर सरकली. तुझा हात तर मांडीवर हाय.

मल्हार : सरकणारच की, आबा. ऑटोमेशन म्हणतात त्याला.

ज्ञानू : भूत म्हन की सरळ.

मल्हार : भूत कसलं? तुमच्या आवाजाखाली ही रेघ दिसते ना? ती मीच माउसनं काढलीय. रेघ चढली की आवाज मोठा, उतरली की बारीक. एकदा काढून ठेवली की मशीन दर वेळी तसंच करतं.

ज्ञानू : आन् दर ओळीच्या शेवटालाच का चढती?

मल्हार : ते... स्टाईल असते तशी.

ज्ञानू : जल्मभर मेंढरं राखलीत मी. कळपात एक कोकरू दबकत चाललं तरी दिसतं मला. तू दबकत बोलाय लागलायस.

मल्हार : पाणी घ्या आधी. घसा कोरडा पडला असेल.

ज्ञानू : नगं. आताशा पान्याचा घोट बी...

मल्हार : घोट बी काय?

ज्ञानू : काय न्हाई. पुढं लाव. हां, हितं. हितं आवाज थरथरतोय बघ. ही थरथर कुनाची?

मल्हार : मशीनची. मॉड्युलेशन. आवाजाला हेलकावा देता येतो, पाळण्याला देतात तसा. मी घातलाय.

ज्ञानू : काढ.

मल्हार : गाणं भुंडं वाटेल, आबा.

ज्ञानू : वाटूंदे.

मल्हार : काढला.

ज्ञानू : आता लाव.

मल्हार : राहू द्या ना. जेवून घेऊ आधी.

ज्ञानू : मल्हार, लाव म्हनतो ना!

मल्हार : लावलं.

ज्ञानू : ...आजून थरथरतंय की रं.

मल्हार : हं.

ज्ञानू : मशीनची थरथर तर तू काढलीस.

मल्हार : काढली.

ज्ञानू : मग ही माझी.

मल्हार : तिथं तुमचा आवाज फाटतो. ते झाकावं म्हणून वरनं हेलकावा घातला. लोकांना वाटावं, मुद्दाम केलंय.

ज्ञानू : आन् रेघा? त्या बी काढ. समद्या.

मल्हार : नका ऐकू, आबा.

ज्ञानू : गळा माझा हाय. मी न्हाई ऐकायचा तर कुनी?

मल्हार : बरं. लावतो. फक्त डोळे मिटून ऐकू नका. मला कसंतरीच होतं.

ज्ञानू : ...बास. बास कर. ओळ सरायच्या आदीच मी सरतोय.

मल्हार : दिवाळीत एवढं नव्हतं. हे बघा दिवाळीतलं, रेघ जवळजवळ सपाट आहे. हे संक्रांतीचं, जरा चढलीय. आणि हे आत्ताचं. आता वर न्यायला जागाच उरली नाही.

ज्ञानू : मग बोलला का न्हाईस?

मल्हार : भ्यालो. वाटलं, बोललो तर खरं होईल. पण जत्रेत बिरोबापुढं गायलात, तेव्हा कुणालाच कसं कळलं नाही? मागं साथीला गाणारे झीलकरी तर मांडीला मांडी लावून बसले होते.

ज्ञानू : मीच सांगितलेलं त्यास्नी. झील जरा आदुगर उचला म्हनलं. तसं बी मी ओळ सोडली की मागचे गडी शेवट ओढून न्हेत्यात. जरा लवकर न्हेला तर कुनाला कळतंय? लोक म्हनले, औंदा साथ काय रंगली!

मल्हार : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.

ज्ञानू : काटा रुतल्यागत हाय गळ्यात, कवाधरनं. हितं एकटाच गायलो, मागं कुनी न्हवतं, म्हनून उघडा पडलो.

मल्हार : मग डॉक्टरकडं का नाही गेलात?

ज्ञानू : थोरल्या भावाला न्हेला हुता. तू ल्हान हुतास. घशाला भोक पाडून माघारी धाडला त्याला. भोकावर बोट ठिवून बोलायचा, शिट्टीवानी. त्या आवाजाला मेंढरं सुदिक वळायची न्हाईत. भाऊ रडायचा आन् रडन्याला बी आवाज न्हवता... मल्हार, मला लई भ्या वाटतंय रं.

मल्हार : मलाही. पण थोरले आजोबा फार उशिरा गेले, आबा. तुमचं तसं नको व्हायला. दुर्बिणीनं घसा बघतात. साधी गाठसुद्धा निघते पुष्कळदा.

ज्ञानू : आन् साधी नसली तर?

मल्हार : ...ते मला नाही सांगता येत.

ज्ञानू : खोटा धीर दिला न्हाईस, ह्ये बरं केलंस.

मल्हार : दौंडला घशाचे डॉक्टर आहेत, संध्याकाळपर्यंत बसतात. गाडी खालीच उभी आहे.

ज्ञानू : आजच?

मल्हार : आत्ताच. उद्या तुम्ही मेंढरांचं निमित्त काढाल. ही बिनरेघांची गाणी मोबाईलवर घेतो. दिवाळीपासनं काय काय झालं ते डॉक्टरांनाही ऐकू दे.

ज्ञानू : पटका तरी धड बांधू दे. असा गबाळा न्हेतोस व्हय?

मल्हार : बांधा. मी धरतो शेव.

ज्ञानू : आन् एक ऐक. तुझ्या आजीला, बानूला ह्यातलं काय बी सांगायचं न्हाई. तिला तुझं रेघावालंच गानं दे. वाटूंदे तिला, म्हातारा खणखणीत हाय म्हनून.

मल्हार : तिनंच तर मला सांगितलं, आज काहीही करून आबांना घेऊन जा.

ज्ञानू : तिला काय ठावं? तिनं कुठं ऐकलंय ह्ये?

मल्हार : आजी घरात रोज बिनरेघांचंच ऐकते, आबा.