तिसऱ्या रांगेतलं हसू

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे मान्यवर, पुढच्या रांगेत बसलेल्या वहिनी, पडद्यावरचे आणि पडद्यामागचे सहकारी, आणि आजचे सत्कारमूर्ती, आमचे मास्तर,

मी ध्वनिमुद्रक. दुसऱ्यांचं ऐकणं हे माझं काम, त्यामुळे बोलताना अडखळलो तर सांभाळून घ्या.

मास्तरांनी बावीस वर्षं विनोदी मालिका लिहिल्या, त्यांची निर्मिती केली. त्यांची पारितोषिकं आधीच्या वक्त्यांनी सांगितली, त्यांचा रागही सांगितला. मी सांगणार आहे ते फक्त आम्हा दोघांना माहीत आहे. काल विचारलं, "सांगू का?" म्हणाले, "सांग. आता काय बिघडतंय?"

आमचं चित्रीकरण प्रेक्षकांसमोर व्हायचं. हसू टिपायला प्रत्येक रांगेवर एक माईक. अकराव्या वर्षी तिसऱ्या रांगेच्या माईकवर मला एका बाईचं हसू सापडलं. छोटंसं, नाकातून निसटलेलं. वावगं काहीच नव्हतं, फक्त ते विनोदाच्या आधी आलं होतं.

मला वाटलं, माझीच चूक. मागचे भाग काढून बसलो. प्रत्येकात ती होती, प्रत्येक विनोदाच्या क्षणभर आधी.

मास्तरांनी तीनदा ऐकलं. "संहिता फुटलीय कुठूनतरी," म्हणाले. पुढच्या भागात त्यांनी ऐन वेळी नटाच्या कानात नवं वाक्य सांगितलं. ती तरीही आधीच हसली. मग त्यांनी ती अख्खी रांग रिकामी ठेवली, दोरी बांधून. तुम्ही म्हणाल, मग थांबलं असेल. नाही. रिकाम्या खुर्च्यांवरून ती तशीच हसत राहिली. सभागृहात कुणाला काही ऐकू येत नसे, येई ते फक्त आमच्या हेडफोनमध्ये.

त्या दिवसापासून मास्तर माझ्या शेजारी बसू लागले. तुम्हाला वाटायचं, माणूस काटेकोर आहे. तो होताच म्हणा.

आता त्या दुपारचं सांगतो. सोफ्यावर आमच्या मावशी, म्हणजे मालिकेतल्या सासूबाई, आणि त्यांची सून. साधा प्रसंग, दोघी गप्प बसलेल्या. पानावर पुढे विनोद नव्हताच. आणि ती हसली. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

मास्तर उठले. "थांबवा. सगळे बाहेर चला."

मावशी म्हणाल्या, "काय झालं मास्तर?"

"चहा घेऊ."

"आत्ताच तर घेतला."

"पुन्हा घेऊ. उठा."

मावशी कुरकुरत दारापर्यंत पोचल्या आणि मागे छतावरचा मोठा दिवा सोफ्यावर कोसळला. सोफ्याचे दोन तुकडे झाले. चित्रीकरण का थांबवलं, असं वाहिनीवाल्यांनी नंतर खोदून खोदून विचारलं. मास्तर म्हणाले, "तहान लागली होती." मावशी समोर बसल्या आहेत. मावशी, त्यांना तहान लागली नव्हती.

ते हसू आपल्याला सावध करत होतं, की तिला ते पडणंच गमतीचं वाटलं होतं? मला आजही ठरवता येत नाही. मी मास्तरांना म्हटलं, माईक काढून टाकू. ते म्हणाले, "राहू दे. इतकी वर्षं लिहितोय, आणि एक बाई माझा विनोद आधीच ओळखते. एकदा तरी तिला चकवायचंय."

वहिनी, तुम्ही विचारायचात ना, हे घरी येऊन भिंतीशी काय बोलतात? तिच्यासाठी वाक्यं घासत होते. अकरा वर्षं. एकही लागू पडलं नाही.

गेल्या महिन्यात शेवटच्या भागाचं शेवटचं पान त्यांनी कोरं ठेवलं. मावशींना म्हणाले, "सुचेल ते करा. मला सांगू नका."

मावशी उठल्या, फ्रिज उघडला, बराच वेळ आत पाहत राहिल्या. मग प्रेक्षकांकडे वळून म्हणाल्या, "लेखक इथंही नाही."

सभागृहात एकच हशा पिकला. मी तिसऱ्या रांगेच्या माईकचा आवाज वाढवला. शांत. मास्तरांनी माझं मनगट धरलं. सगळे हसून दमले, आणि मग, सगळ्यांच्या नंतर, ती हसली. पोट धरून हसावं तशी, खूप वेळ.

मास्तरांनी हेडफोन काढले, डोळे पुसले. "फसली," म्हणाले. दुसऱ्या दिवशी निवृत्तीचं पत्र दिलं.

तो माईक मी अजून काढलेला नाही. रोज ऐकतो. आता तिथे फक्त खुर्च्या आहेत.

मास्तर, तुमच्या शेजारी बसायला मिळालं, याबद्दल मनापासून आभार. आयोजकांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, आपलाही ऋणी आहे. काही अधिकउणं बोललो असेन, तर ते मोठ्या मनाने पोटात घालावं.