खाडीकाठची हाळी

लोणंदच्या स्टँडवर फलटणची एसटी काही येत नव्हती. कामावरून घरी निघालेल्या मायाच्या मागच्या बाकावर मात्र मुंबईहून नवऱ्याबरोबर परतलेल्या एका म्हातारीच्या तोंडाचा पट्टा थांबत नव्हता.

“ल्योकानं हौसेनं खाडीकाठच्या बागेत पाखरं बघाय न्हेलं, तितंबी तुमी माती खाल्लीच!”

“झालं ते झालं की आता.”

“काय झालं? माणसं सकाळधरनं क्यामेरं लावून बसल्याली. आन् तुमी हाळी दिली! समदी गुलाबी पाखरं भुर्र!”

“आगं, दिस कलला. भरतीचं पाणी चढाय लागलं, आन् कळप आपला चिखलात हुबा. तोंडातनं आपसूक गेली हाळी.”

“आवं, पाखरांचा कळप हुता त्यो! मेंढरं इकून किती वर्सं झाली? सूनबाईनं तर तितं वळखसुदिक दावली न्हाई आपली.”

“समदं खरं. पर येसे, म्या हाळी दिल्यावर कळप फुटू न्हाई म्हून पल्याडच्या अंगाला पदर खोचून कोण पळालं?”

म्हातारी आणखीच कडाडली.

“मग? तुमी हाळी दिल्यावर म्या काय बघत हुबी ऱ्हाऊ व्हय?”