मिहिरेतचे हरभरे

ईस्टरआधीच्या उपासात आमच्या गिरणीत पिठापेक्षा गप्पाच जास्त दळल्या जातात. परवा रांगेत माझ्यापुढे ऑर्थोडॉक्स चर्चच्या अस्कालेच मावशी होत्या, आणि त्यांच्यापुढे प्रोटेस्टंट चर्चची मिहिरेत, भलंमोठं पोतं घेऊन.

“काय गं मिहिरेत, एवढे हरभरे? उपासाच्या दिवसांत आम्ही लोणी-मटण शिवत नाही, तुम्ही लोक तर लोण्यात लोळता!”

“उद्या गावच्या झऱ्याची भिंत बांधायची ना, मावशी. दोन्ही चर्चची माणसं राबणार, मग हरभऱ्याच्या पिठाची आमटीही एकाच पातेल्यात.”

“तुमच्या पातेल्याला मटणाचा वास मारतो.”

“राखेनं घासलंय. हात भरून आलेत माझे. लोण्याचं बोटसुद्धा लागणार नाही.”

“आणि आम्ही ऊन कलेपर्यंत पाणीही तोंडात घेत नाही. तोवर तुम्ही पातेलं चाटूनपुसून ठेवाल.”

“नाही हो. आम्हीही ऊन कलल्यावरच बसणार, तुमच्या पंगतीला.”

“म्हणजे सकाळपासून उपाशी? तुम्ही?”

“आमच्या पाद्रीबुवांसकट.”

“अगं, पण तुमच्यात ही चाल नाही ना?”

“नाहीच. पण तुम्ही उपाशीपोटी दगड वाहायचे आणि आम्ही समोर बसून ओरपायचं? घशाखाली उतरेल का?”

मावशींनी शालीचा काठ डोळ्यांना लावला.

“मावशी, रडताय काय?”

“पीठ गेलं डोळ्यात. धर ते पोतं, मी दुसरं टोक धरते.”

“धरलं.”

“पण वेडे, मग उद्या ते मोठाले दगड उचलणार कोण? मी तर तुमच्या लोण्याच्या भरवशावर होते!”