गोष्ट अर्ध्यावर सोडणाऱ्या मॅडम

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विद्यापीठाचे माननीय कुलगुरू सर, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, भाषा विभागातले माझे ज्येष्ठ सहकारी, आज निवृत्त होत असलेल्या आणि मी आता काय बोलतोय म्हणून चष्म्यावरून माझ्याकडे बघत असलेल्या आमच्या मॅडम, त्यांचे यजमान, आणि मागे दाराशी दाटीवाटीने उभ्या असलेल्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

सूत्रसंचालक बाईंनी घड्याळ दाखवूनच माझ्या हाती माईक दिला आहे. मॅडमच्या पदव्या आणि शोधनिबंध आधीच्या वक्त्यांनी सांगितले, ते मी वगळतो. मी त्यांचा आधी विद्यार्थी, मग सहकारी. तेव्हा मी बोलणार आहे त्यांच्या एका खोडीबद्दल.

खोड अशी, की त्या गोष्ट कधीच पुरी सांगत नाहीत. वर्ग प्रगत इंग्रजीचा, पण पाठ्यपुस्तक बाजूला सारून त्या जगातल्या कुठल्या तरी लोकांची गोष्ट काढतात. कधी बर्फातल्या शिकाऱ्यांची, कधी बेटावरच्या होडीवाल्यांची. आणि ऐन रंगात आल्यावर थांबतात. पुढचं वर्गाने सांगायचं, इंग्रजीत सांगायचं, आणि बाकीच्यांनी ते खोडून काढायचं.

मी शिकत होतो तेव्हाची गोष्ट वाळवंटातली होती. त्या लोकांत रीत अशी, की दाराशी आलेल्याला पोटभर जेवू घालायचं, पण तो कोण, कुठला, हे आपणहून विचारायचं नाही. एका म्हातारीकडे असा पाहुणा येतो. तिचा मुलगा तांड्याबरोबर गेला तो परतलेलाच नाही. पाहुणा जेवायला बसतो, आणि त्याच्या कमरेला तिला आपल्या मुलाचा सुरा दिसतो.

इथे मॅडमनी खडू खाली ठेवला.

वर्गात एकच कल्लोळ. माझा बाकावरचा मित्र उसळून म्हणाला, "ही कसली रीत? सरळ विचारून टाकावं की!" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "घरच्या भाषेत कुणीही भांडेल. इंग्रजीत भांड, मग बघू." आणि तो भांडला हो! हजेरी देतानाही अडखळणारा तो पठ्ठ्या, तिने विचारलं असतं तर काय झालं असतं, असली अवघड वाक्यं रागाच्या भरात घडाघडा बोलून गेला. आपण इंग्रजी बोललो हे त्याला तास संपल्यावर कळलं.

अध्यक्ष महाराज, आता थोडा आपल्याकडे वळतो. गेल्या वर्षी आपण समिती घेऊन या वर्गाची पाहणी करायला आलात. दारातूनच बघून जाणार होतात. नेमकी हीच गोष्ट चालली होती. सुऱ्यापाशी मॅडम थांबल्या आणि आपणच न राहवून म्हणालात, तिने विचारायला हवं. तेव्हा शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने आपलं म्हणणं असं काही खोडून काढलं, की समितीचे सभासद फायलीआड तोंड लपवून हसत होते. आणि आपण? आपण आत येऊन तिच्या शेजारी बसलात. पुढे बैठकीचं बोलावणं आलं, आणि शेवट ऐकायचा राहिला.

सर, त्या गोष्टीचे शेवट पुष्कळ झाले आहेत. आज त्यातला एक सांगतो. तो माझ्या आईचा आहे. आई तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आत्ता माझ्यावर डोळे वटारते आहे. मी घरी जाऊन तिला गोष्ट सांगितली तेव्हा ती भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. म्हणाली, "ती कशाला विचारेल? पाहुण्याचं ताट वाढेल, आणि शेजारी मुलाचंही ताट मांडून ठेवेल. त्याला काळीज असेल तर तोच बोलेल."

दुसऱ्या दिवशी मी हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत वर्गात सांगितलं. मॅडमनी ते आपल्या वहीत टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मला कधी सुचलं नाही. आईला माझा नमस्कार सांग." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की ही परकी भाषा माझ्याही घरात येऊन बसू शकते. मी शिक्षक झालो तो त्यामुळे.

मॅडमनंतर हा वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, याची फाईल आपल्या टेबलावर आहे, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. वर्गाला नेमलेलं पुस्तक नाही, छापील अभ्यासक्रम नाही, हा आक्षेप खराच आहे. आणि वर्ग बंद झाला तर माझ्या जिवाला लागेल, हेही खरं आहे. पण निरोपाच्या कार्यक्रमात मागणी मांडायची नाही, अशी मॅडमनी मला सक्त ताकीद दिली आहे. म्हणून मी काही विचारत नाही. सोमवारी सकाळी त्याच खोलीत, त्याच मुलीच्या शेजारी, आपल्यासाठी एक खुर्ची तेवढी मांडून ठेवतो.

मॅडम, तुम्ही आम्हाला जग दाखवलंत आणि ते सांगायला तोंड दिलंत. आम्ही तुमचे ऋणी आहोत. मला बोलू दिल्याबद्दल आयोजकांचा आणि ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचा आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाला लागेलसं काही निघून गेलं असेल, तर मोठ्या मनाने विसरून जा. आणि गोष्ट इथेच अर्ध्यावर सोडतो आहे, त्याबद्दल रागवायचं असेल तर मॅडमवर रागवा.